बारा आठवडे शिंपले वर्ज्य

पिरिहिरा आंटी आमच्या कारखान्यात सव्वीस वर्षं शिंपले उघडत होती. त्यातली अकरा वर्षं मी तिच्या डाव्या हाताला उभी होते, म्हणून हे मी लिहितेय. तिला विचारलंत तर ती म्हणेल, "माझ्यात लिहिण्यासारखं काय आहे, काहुरा? त्यापेक्षा ती बादली इकडे सरकव."

काम सांगायला सोपं आहे. वाफ दिलेले शिंपले पट्ट्यावरून येतात, हिरव्या काठाचे, जवळजवळ तळहाताएवढे. एका हातात शिंपला घ्यायचा, दुसऱ्या हातात आखूड सुरी. वरचं झाकण उडवायचं, सुरी फिरवून मांस सोडवायचं आणि पुढचा उचलायचा. पायात रबरी बूट, कानांवर टोपणं, हातमोज्यात दिवसभर गार पाणी. आंटी भरात होती तेव्हा मिनिटाला पंचवीस उघडायची आणि वर आमच्या चुगल्याही ऐकायची, कानांवर टोपणं असताना. कशी ऐकायची देव जाणे.

पन्नाशी उलटली आणि तिची बोटं सुजायला लागली. आमच्यात हात कुणाचे दुखत नाहीत? संध्याकाळी मलम चोळायचं आणि गप्प झोपायचं. पण तिचं दुखणं निराळं होतं. दोन्ही हातांची तीच बोटं, मग दोन्ही मनगटं, मग पावलं. आणि थकवा असा की जेवणाच्या सुट्टीत ती गाडीत जाऊन झोपायची, डबा न उघडता.

हॅमिल्टन शहरातल्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी तिला समजावलं की हे नुसतं कामाने झालेलं नाही. आपल्या शरीरात रोगाशी लढणारे राखणदार असतात. तिचे राखणदार बिथरले होते आणि स्वतःच्याच सांध्यांना परका समजून झोडपत होते. उपाय म्हणजे आठवड्याला एक इंजेक्शन, राखणदारांना गुंगी आणणारं.

"मग खरा चोर आला तर?" आंटीने विचारलं.

"म्हणूनच जपावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "ताप आला की लगेच यायचं. आणि कच्चे, अर्धवट शिजलेले शिंपले बंद."

हे तिने मला परतताना गाडीत सांगितलं आणि बराच वेळ हसत राहिली. इंजेक्शन सुरू करण्याच्या तारखेचं पत्र आलं, ते तिने फ्रिजवर लावलं आणि त्याच्यावर नातवाच्या फुटबॉलचं वेळापत्रक लावलं.

त्याच सुमारास डॉक्टर फ्रेया आमच्या कोपुआ खाडीत आली. ही औषध देणारी डॉक्टर नव्हे, विद्यापीठातली संशोधक. गोरी, तिशीची, पिवळा रेनकोट, गाडीत कायम कालचं सँडविच. तिचा विषय म्हणजे आमच्या शिंपल्यातलं तेल. त्या तेलात अशी काही द्रव्यं आहेत की जी बिथरलेल्या राखणदारांना शांत करतात, असा तिचा अंदाज होता. काचेच्या नळीत ते दिसलं होतं. माणसांत दिसतं का, ते बघायचं होतं.

आणि आमच्या जमातीच्या कंपनीला त्यात रस होता, कारण कारखाना कंपनीचाच. मागच्या मोकळ्या जागेत तेल काढायची इमारत उभी करायचा बेत होता. कोरडी, उबदार इमारत. तिथे कॅप्सूल बाटलीत भरायच्या, लेबलं तपासायची, आणि हे सगळं बसून. मॅनेजर तामाती आंटीचा चुलतभाऊ लागायचा. तो म्हणाला होता, "पिरि, इमारत उभी राहिली की पहिली खुर्ची तुझी. देखरेख तू करायचीस." पण पैसा लावणारे बाहेरचे होते, आणि त्यांना आधी पुरावा हवा होता. आंटीने त्या खुर्चीचा ध्यास घेतला. तिच्या हातांनी टेबलावर अजून फार तर एक वर्ष काढलं असतं, हे तिला कळत होतं आणि आम्हालाही.

लोक तयार केले ते कोरो हामिओरांनी. गावाचे आजोबा, आमच्यात सगळ्यांत वडील, अठ्ठ्याऐंशीचे. मराए म्हणजे आमच्या जमातीची एकत्र जमायची जागा; तिथल्या सभाघरात ते काठी टेकत उभे राहिले.

"डोंगरापलीकडचे आपले भाऊबंद साठीतच काठी धरतात," ते म्हणाले. "मी ही काठी पंच्याऐंशीला घेतली, आणि तीसुद्धा कुत्र्याला हाकलायला. ते बटाटे आणि डुक्कर खातात, आपण हे खातो. आपल्याला माहीत आहे. आता ही पोरगी ते कागदावर उतरवणार आहे. उतरवू द्या तिला."

दुखऱ्या सांध्यांचे चाळीस जण पुढे आले. आमच्या गावात तेवढे मिळायला वेळ लागत नाही. मी उजवा गुडघा घेऊन गेले. निम्म्यांना शिंपल्याच्या तेलाच्या कॅप्सूल मिळणार होत्या, निम्म्यांना साध्या ऑलिव्ह तेलाच्या. कुणाला काय ते फ्रेयालाही ठाऊक नसणार होतं. आणि अट एकच, बारा आठवडे कुणी शिंपला तोंडात घालायचा नाही. रोज वहीत खूण करायची, खाल्ला की नाही.

"बारा आठवडे?" पीता काका म्हणाला. तो आमच्या बोटीवरचा, खाडीत दोरांवर वाढवलेले शिंपले काढणारा, खांद्याने अधू. "मग खायचं काय, फ्रेया? दोरखंड?"

"कोंबडी खा ना, काका."

"कोंबडी आजारी माणसं खातात."

"तुम्ही आजारी आहात म्हणूनच घेतलंय तुम्हाला."

सगळे हसले. पोरगी आम्हाला आवडायला लागली होती, आणि आमचं घोडं तिथेच पेंड खाणार होतं.

नाव नोंदताना फ्रेया प्रत्येकाला विचारत होती, हॉस्पिटलचं नवं औषध सुरू होणार आहे का? असेल तर या चाचणीत घेता येणार नाही, आधी ते औषध घ्या. आंटी म्हणाली, नाही. मी शेजारीच बसले होते.

"खोटं बोललीस," मी बाहेर आल्यावर म्हटलं.

"बारा आठवड्यांचा तर प्रश्न आहे."

"आणि ते इंजेक्शन?"

"ते कुठे पळून चाललंय? माणसं कमी पडली तर चाचणी होणार नाही, चाचणी झाली नाही तर इमारत नाही. तू गाडी चालव."

तिने हॉस्पिटलला फोन करून तारीख रद्द केली.

पहिले सहा आठवडे आम्ही खरंच पाळलं. दिवसभर हातात शिंपले आणि डब्यात कोंबडी. वास नाकात बसलेला असायचा. पीता काका बोटीवर हात मागे बांधून उभा राहतो, असं त्याचा मुलगा सांगायचा. फ्रेया दर महिन्याला येऊन रक्त घ्यायची आणि सांधे दाबून बघायची. कुठले सुजलेत, कुठले दुखतात, सगळं लिहून घ्यायची.

सातव्या आठवड्यात कोरो गेले. बागेत रताळ्याच्या वाफ्याशी बसले होते, तिथेच.

कोरोंची तांगी, शेवटचा निरोप, म्हणजे तीन दिवस माणसांचा पूर. किनाऱ्यावरच्या सगळ्या गावांतून, ऑकलंडहून, डोंगरापलीकडूनही लोक आले. एक जथा आत आला, रडला, भाषणं झाली, की त्याला जेवायला घालायचं, तोवर दारात दुसरा उभा. मराएचं स्वयंपाकघर आंटीच्या हाताखाली होतं, गेली पंधरा वर्षं. तिने त्या तीन दिवसांत पाठ टेकली नाही. बटाटे किती, पाव किती, कुणाला मासळी चालत नाही, सगळं तिच्या डोक्यात. आमच्या मराएचं नाव शिंपल्यांसाठी आहे. पाहुणे घरी गेल्यावर भाषणं विसरतात, पण शिंपले कमी पडले होते का, हे त्यांच्या नातवंडांनासुद्धा माहीत असतं. कमी पडले नाहीत. आम्ही चाळीस जणांनी ते उकडले, तळले, वाढले, आणि स्वतः पाव खाल्ला. फ्रेयासुद्धा पहिल्या दिवशी आली होती, कोरोंच्या पायाशी बसून रडली आणि रात्र पडायच्या आत परत गेली.

मग तिसऱ्या दिवशी दफन झालं, आणि त्यानंतरचं जेवण.

हे जेवण चुकवून चालत नाही. तीन दिवस आपण मेलेल्याच्या सोबत असतो. दफनानंतर एकत्र बसून खाल्लं की ते सुटतं, आणि माणूस परत जिवंतांत येतो. कोरोंच्या बायकोने, नॅनी एरेतीने, फडताळातून अकरा बरण्या काढून आणवल्या. तोरोई. शिंपले आणि पूहाची रानभाजी, त्यांच्याच रसात मुरवलेले. कोरो दर वर्षी स्वतः भरायचे, कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

"ही त्यांच्या हातची शेवटची," नॅनी म्हणाली. "उरवायची नाही."

आंटी ओगराळं घेऊन उभी होती. पीता काकाचा नंबर आला. त्याने वाडगा पुढे केला आणि थांबला.

"पिरि, ते बारा आठवडे?"

आंटीने त्याच्या वाडग्यात वाढलं. "कोरोचं जेवण आहे. खा."

त्यानंतर कुणी विचारलं नाही. चाळीसच्या चाळीस खाऊन मोकळे झाले, असंच मी धरलं होतं. मी दोन वाडगे खाल्ले. स्वयंपाकघरातली माणसं सगळ्यांत शेवटी जेवतात आणि त्यांच्यातही आंटी शेवटची, तेव्हा तिच्या पानाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तर कदाचित निभावलं असतं. पण तांगीत उरलेलं अन्न घरोघरी वाटून देतात, आणि उरले होते ते शिंपलेच. घरात आलेलं फेकायचं कसं? आठवडाभर तेच खाल्लं. मग जिभेला परत चटक लागली. रविवारी एकदा, मग बुधवारी. पीता काका तर बोटीवर दोरावरूनच तोडून कच्चे खायला लागला. आणि वहीत आम्ही सगळे लिहीत राहिलो, नाही, नाही, नाही. तांगीचं जेवण कुणी कागदावर मांडत नाही, ते बरं दिसत नाही. एकदा ते मांडलं नाही म्हटल्यावर त्याच्यामागून आलेलं कसं मांडायचं? शिवाय फ्रेयाला वाईट वाटलं असतं. एवढ्या लांबून येते बिचारी. आम्ही लोक असेच आहोत. पाहुण्याचं मन राखायचं म्हणून पाहुण्याचं घर बुडवू.

आंटीपासून वास लपत नाही. नवव्या आठवड्यात टेबलापाशी तिने माझ्या कानावरचं टोपण बाजूला केलं.

"खरं सांग. किती वेळा?"

"आठवड्यातून दोनदा. तीनदा."

"आणि बाकीचे?"

"मोजायला बसलीस तर संध्याकाळ होईल, आंटी."

तिने पुढचा शिंपला उचलला. दहाएक शिंपले उघडून झाल्यावर मीच विचारलं, "फ्रेयाला सांगायचं का?"

"सांगितलं तर ती सगळं बंद करेल," ती म्हणाली. "आता तीनच आठवडे राहिलेत. तेलात दम असेल तर दिसेलच. आता गप्प बस."

म्हणून आम्ही मूग गिळून बसलो. ही चूक तिची होती, आणि ती माझीही होती. त्या तीन आठवड्यांत तिचे हात माझ्या डोळ्यांदेखत गेले. चहाचा कप ती दोन्ही तळव्यांत धरायची. बुटात पाय घालायला दहा मिनिटं लागायची. मी विचारायचे, कॅप्सूल घेतेस ना? न चुकता, म्हणायची.

ऑगस्टच्या शेवटी फ्रेया निकाल घेऊन आली. मराएच्या जेवणघरात सगळे जमलो. तामाती होता, नॅनी एरेती पुढच्या बाकावर होती. फ्रेयाने रेनकोट काढला नाही.

"दोन्ही गटांतल्या लोकांना थोडं बरं वाटलंय," ती म्हणाली. "सूज कमी आहे. पण दोन्ही गटांत सारखीच. म्हणजे शिंपल्याच्या तेलाने ऑलिव्हच्या तेलापेक्षा जास्त काही केलं, असं म्हणता येत नाही. कधी कधी कुणी नियमाने येऊन विचारपूस केली तरी माणसाला बरं वाटतं. मला वाईट वाटतंय. खूप."

तामाती उठला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "मग इमारतीचं राहिलं. त्यांना मी कळवतो."

नॅनी एरेतीची मान खाली गेली. तिच्या नवऱ्याने शेवटचा शब्द दिला होता तो याच मराएवर, आणि तो खोटा ठरला होता, तोही गोऱ्या कागदावर. चाळीस माणसं आपापल्या चपलांकडे बघत होती आणि त्यांतली एक मी होते. मला उठता आलं असतं. मी उठले नाही.

आंटी उठली. टेबलाला कोपर टेकून, कारण तळवा टेकवत नव्हता.

"कोरो खोटं बोलले नव्हते," ती म्हणाली. "फ्रेया, हे सगळे शिंपले खात होते, दोन्ही गटांतले. तांगीपासून. मी वाढलं. आणि नंतर मला कळलं तरी मी तुला सांगितलं नाही, कारण मला ती खुर्ची हवी होती."

फ्रेयाने सगळ्यांकडे पाहिलं. "सगळे?"

पीता काकाने अधू खांद्याचा हात जाईल तेवढा वर केला. मग मी केला. मग एकेक करून सगळे. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खाली बसली आणि कागद सरळ करत राहिली.

"मग हे सगळं टाकून द्यावं लागेल," ती शेवटी म्हणाली. "परत करायचं तर जिथे शिंपले खात नाहीत अशा गावात. आत कुठेतरी. दोन-तीन वर्षं जातील."

"आणि इमारत मग तिकडेच होईल," तामाती म्हणाला.

"हो. असं वाटतं."

"सगळे नाही," आंटी म्हणाली. ती अजून उभीच होती. "मी खाल्लं नाही. आधी नाही, तांगीत नाही, नंतरही नाही. एकसुद्धा नाही."

नॅनी एरेतीने मान वर केली.

"हामिओराच्या जेवणात तू खाल्लं नाहीस?"

"नाही, नॅनी."

"स्वयंपाकघर तुझ्या हातात होतं."

"हो."

"मग तेव्हापासून तू आहेस कुठे, पोरी? त्याच्याबरोबरच आहेस अजून?"

नॅनीच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ती दमली होती.

"बरण्या संपल्या," ती म्हणाली. "मी तरी आता काय वाढू तुला?"

मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. आंटीने फ्रेयाला विचारलं, "माझ्या बाटलीत काय होतं?"

आता सांगायला हरकत नव्हती. फ्रेयाने यादीवरून बोट फिरवलं. "ऑलिव्ह तेल."

"आणि माझे सांधे?"

"सुरुवातीला नऊ सुजलेले होते. शेवटी सतरा."

"म्हणजे आम्ही सगळ्यांनी खाल्लं, आम्हाला बरं वाटलं," पीता काका म्हणाला. "हिने खाल्लं नाही, हिचं वाढलं. हाच की पुरावा. आणखी काय पाहिजे?"

"काका, तिचं तसंही वाढलं असतं कदाचित. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही."

"किती माणसं लागतात?" आंटीने विचारलं.

"चाळीस तरी हवीत."

आंटीने एकदा सगळ्या बाकांवरून नजर फिरवली आणि मग ती खाली बसली. त्यानंतर सभेत काही झालं नाही. तामातीने दिवे बंद केले.

दुसऱ्या दिवशी तिने हॉस्पिटलला फोन केला. सोडलेली तारीख दुसऱ्या कुणाला गेली होती. पुढची चार महिन्यांनी. तोवर वेदनेच्या गोळ्या घ्या आणि हातांना विश्रांती द्या, असं तिकडची बाई म्हणाली. आंटी तिला थँक्यू म्हणाली. फ्रेयाने पत्र लिहून तिची तारीख अलीकडे आणायची खटपट केली, हे मला नंतर कळलं. ती तीन आठवडे अलीकडे आली, तेवढंच.

सोमवारी पहाटे आंटी कामावर आली. बूट नातवाने घालून दिले होते. सुरी दोनदा तिच्या हातातून पडली, तिसऱ्यांदा तिने ती माझ्यापुढे धरली आणि खिशातून निळ्या चिकटपट्टीचं रीळ काढलं.

"बांध."

"आंटी, घरी जा. मी तामातीशी बोलते."

"तामाती काय करणार? बांध हाताला."

मी सुरीची मूठ तिच्या तळव्यात ठेवली आणि पट्टी गुंडाळली. बोटं मिटत नव्हती, ती मलाच मिटवावी लागली.

"घट्ट."

"दुखेल."

"काहुरा, पट्टा सुरू झालाय."

मी घट्ट बांधलं. तिने पहिला शिंपला उचलला, आणि तो उघडायला तिला इतका वेळ लागला की तिच्या वाट्याचे दहा-बारा पुढे निघून गेले. ते मी उघडले.